जुने कॉम्प्युटर : भंगारात की विद्यापीठात?



सप्टेंबर २०२० मध्ये अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायेद युनिव्हर्सिटी ऑफ आर्टिफिशियल इंटेलिजन्सने आणि इस्राएलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने एकत्र काम करण्याचा करार केला. दोन्ही देशांच्या उच्च शिक्षणसंस्थांमधला तसा तो पहिलाच करार. मी मुलाकडे इथे अमिरातीत असते, त्यामुळे ती बातमी मी कात्रण काढून ठेवली होती. बातमीत सगळी चर्चा पुढच्या यंत्रांची, उद्याच्या बुद्धिमान मशीनची. पण त्याच वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये, गणित आणि कॉम्प्युटर शिकवतात त्या झिस्किंड इमारतीत, १९५५ सालचा एक कॉम्प्युटर जपून मांडलेला आहे. त्याचं नाव वायझॅक. रमला-लोदला आपल्या नातेवाइकांकडे जाऊन आलेल्या कितीतरी जणांना तो तिथून इतक्या जवळ आहे याची कल्पनाही नसते.

जुने कॉम्प्युटर विद्यापीठं का सांभाळतात, लोकांसमोर का मांडतात, आणि सांभाळायचे म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज लिहायचं आहे. विषय तरुणांचा वाटेल. पण वाचत जा, आपल्या कपाटापर्यंत येतो की नाही बघा.

आधी वायझॅकची गोष्ट. हाइम पेकेरिस नावाचे गणितज्ञ वाइझमन इन्स्टिट्यूटचा उपयोजित गणित विभाग उभा करणार होते. त्यांनी अट घातली की मला कॉम्प्युटर हवा. तेव्हा इस्राएल राष्ट्र अजून जन्मालाही आलेलं नव्हतं. सल्लागार समितीत खुद्द आइनस्टाइन होते, त्यांना ही कल्पना काही पटली नाही. एवढ्याशा देशाला असलं यंत्र कशाला? जॉन फॉन नॉयमन मात्र ठाम बाजूने उभे राहिले. जुलै १९४७ मध्ये समितीने होकार दिला आणि हाइम वाइझमन यांनी ५०,००० डॉलर काढून दिले. ही रक्कम संस्थेच्या अख्ख्या बजेटचा पाचवा हिस्सा होती. घरात खायची भ्रांत असताना पोरासाठी पुस्तकं घेणारे आईबाप आपण पाहिलेत, तसंच हे.

यंत्र बांधायला अमेरिकेहून जेराल्ड एस्ट्रिन आणि त्यांच्या पत्नी थेल्मा एस्ट्रिन आले. थेल्माबाई स्वतः विद्युत इंजिनियर. पुढे त्यांनी मेंदूच्या लहरींचा अभ्यास करायला कॉम्प्युटर वापरला आणि वैद्यकीय कामात कॉम्प्युटर आणणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव झालं. आम्ही नर्सेस मॉनिटरवरच्या रेषा बघत रात्री काढल्या, त्या रेषांमागे अशा बायकांचे कष्ट आहेत.

वायझॅक १९५५ मध्ये चालू झालं आणि २९ डिसेंबर १९६३ ला बंद केलं. मधल्या काळात पेकेरिस यांनी त्याच्यावर जगभरच्या समुद्रांच्या भरती-ओहोटीचं गणित केलं, आणि दक्षिण अटलांटिकमध्ये एक जागा अशी असली पाहिजे की जिथे पाणी भरतीला जवळजवळ चढतच नाही, असं दाखवून दिलं. नवगाव-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटेल. त्याच्या मागून आलेल्या कॉम्प्युटरचं नाव गोलेम. हे नाव गेर्शोम शोलेम यांनी सुचवलं, प्रागच्या रब्बींच्या मातीच्या पुतळ्यावरून. यंत्राला असं नाव आपल्याच लोकांना सुचू शकतं!

२००६ साली विद्युत इंजिनियरांच्या जागतिक संघटनेने वायझॅकला ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. यंत्र तोपर्यंत राहिलं होतं म्हणून मान देताना समोर दाखवायला ते होतं.

आता त्याचं मुंबईतलं भावंड. कुलाब्याला नेव्ही नगरच्या टोकाला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आहे, होमी भाभांची संस्था. आज तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. तिथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या हाताखाली काही तरुण इंजिनियरांनी १९५० च्या दशकात कॉम्प्युटर बांधला. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर वापरलेलाच नव्हता. आधी एक छोटं नमुन्याचं यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चाललं. मग मोठं बांधलं, ते १९६० मध्ये कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरू संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाला आले आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आपल्या जुन्या रेडिओत लाल तापणारे वॉल्व असायचे, तेच. शिवाय १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. त्याची स्मरणशक्ती म्हणजे बारीक मण्यांएवढ्या फेराइटच्या कड्या, तारांमध्ये ओवलेल्या. गळसरी ओवावी तशा, फक्त आडव्या-उभ्या दोन्हीकडून. एकेक कडी एक ‘हो’ किंवा ‘नाही’ लक्षात ठेवायची. टिफ्रॅकमध्ये ४० कड्यांचा एक ‘शब्द’ अशा २,०४८ शब्दांची जागा होती. वायझॅकचाही शब्द ४० चाच, कारण दोघांच्या रचनेवर प्रिन्स्टनला फॉन नॉयमन यांनी आखलेल्या यंत्राची छाप आहे. म्हणून भावंड म्हटलं.

मुलाला हिशेब करायला लावला. टिफ्रॅकच्या सगळ्या स्मरणशक्तीत आजच्या पद्धतीने लिहिलेली मराठी अक्षरं साडेतीन हजारांहून कमीच मावतील. म्हणजे हा लेख सुद्धा त्यात पुरता बसला नसता! आणि तेवढ्यावर त्यांनी अणुविज्ञानाची गणितं सोडवली.

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिफ्रॅक चाललं. परदेशातून विकत घेतलेलं मोठं यंत्र आलं आणि त्याची गरज संपली. आज त्याच्याविषयी आपल्याला कळतं ते मुख्यतः छायाचित्रांतून, कागदपत्रांतून आणि ते बांधणाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणींतून. संस्थेने स्वतःचं आर्काइव्ह उभं करून हे सांभाळलंय, ती मोठीच गोष्ट आहे. पण वायझॅकसमोर उभं राहून ‘बाप रे, एवढं मोठं!’ असं म्हणता येतं, तसं टिफ्रॅकसमोर म्हणता येत नाही.

मेलबर्न विद्यापीठाकडे सिसिरॅक नावाचं यंत्र होतं, १९४९ चं. १९६४ मध्ये बंद केल्यावर विद्यापीठाने त्याचे भाग वाटून टाकले नाहीत, अख्खं यंत्र म्युझियमला देऊन टाकलं. ते तिथे वर्षानुवर्षं गोदामात पडून होतं, कोणी बघायला येत नव्हतं. पण अख्खं होतं. आज पहिल्या पिढीतला जवळजवळ जसाच्या तसा उरलेला कॉम्प्युटर म्हणून लोक तो बघायला जातात. कधीकधी सांभाळणं म्हणजे नुसतं फेकून न देणं, एवढंच असतं.

मँचेस्टरची गोष्ट उलटी. तिथल्या विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी जगात पहिल्यांदा एका कॉम्प्युटरने स्वतःच्याच स्मरणशक्तीत साठवलेला प्रोग्राम चालवला. त्या यंत्राला सगळे लाडाने ‘बेबी’ म्हणतात. ते मूळ यंत्र राहिलं नाही. पन्नास वर्षांनी, १९९८ साठी, ते पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा हाताशी काय होतं? काही फोटो, त्या वेळच्या इंजिनियरांच्या वहीतल्या नोंदी, आणि हयात असलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. कुठली तार कुठे जात होती, कुठलं बटण कुठून काढून बसवलं होतं, हे त्यांना विचारविचारून प्रतिकृती उभी केली. ती आज मँचेस्टरच्या विज्ञान म्युझियममध्ये आहे आणि चालते. आणखी दहा वर्षं उशीर झाला असता तर विचारायला कोण उरलं असतं?

आता इथल्याकडे येते. संयुक्त अरब अमिरात हा देश १९७१ चा. पहिलं राष्ट्रीय विद्यापीठ अल ऐनला निघालं ते १९७६ मध्ये, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं विद्यापीठ २०१९ मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या वर्गापासून बुद्धिमान यंत्रांपर्यंतचा सगळा प्रवास एका माणसाच्या नोकरीच्या काळात बसतो. ज्यांनी तो पाहिला ती माणसं अजून आहेत. वस्तू मात्र भराभर नाहीशा होतात, आणि त्याचं कारण इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत घर रिकामं करायचं, विमानात तीस किलो सामान न्यायचं. त्या तीस किलोत जुना मॉनिटर कोण घालतो? बिल्डिंगच्या खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी ठेवून माणसं निघून जातात. सकाळी तो तिथे नसतो.

तरीही काही माणसं सांभाळतात. दुबईत जिमी ग्रेवाल यांनी ॲपल कंपनीच्या जुन्या कॉम्प्युटरांचा मोठा संग्रह केलाय. तो खाजगी आहे, एका माणसाच्या हौसेवर उभा आहे. अशा हौशी माणसांचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण माणसाच्या हौसेला माणसाचंच आयुष्य असतं. विद्यापीठाचं तसं नाही. तिथे दरवर्षी नवीन पोरं येतात, जुन्या यंत्राला नवे हात मिळतात, आणि संग्रह कोणा एकाच्या मुलांच्या मर्जीवर राहत नाही. माझं तर मत असं की आखाती देशातल्या विद्यापीठाने संग्रह केला तर त्यात अमेरिकन यंत्रांच्या आधी ‘सख्र’ हवा. सख्र म्हणजे अरबीत खडक. कुवेतच्या अल आलमिया कंपनीने १९८० च्या दशकात जपानी बनावटीच्या घरगुती कॉम्प्युटरला अरबी शिकवलं आणि या नावाने विकलं. कीबोर्डवर अरबी अक्षरं, लिखाण उजवीकडून डावीकडे. या भागातल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात पहिलं बटण दाबलं ते त्याचं. लंडन-न्यूयॉर्कच्या म्युझियमला त्याची ओढ नसली तर नवल नाही. ज्याचं त्यानेच ठेवायला पाहिजे.

बरं, ठेवायचं म्हणजे कसं? इथे मला माझा जुना पेशा आठवल्याशिवाय राहत नाही. संग्रहातली यंत्रं कशी सांभाळतात हे मी वाचत गेले तसतसं वाटलं, अरे, हे तर वॉर्डचंच काम आहे.

यंत्र आलं की पहिला केस पेपर. कुठून आलं, कोणी दिलं, कधी घेतलेलं, कशासाठी वापरलं, काय बिघडलंय. एक नंबर द्यायचा आणि तो दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहायचा. चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक पुढे प्लास्टिक खातो. फोटो काढायचे, आतले सुद्धा. आणि तोवर प्लग लावायचा नाही! सगळ्यांचा हात आधी प्लगकडेच जातो. वीस वर्षं बंद असलेल्या यंत्राला एकदम पूर्ण वीज देणं म्हणजे बरेच दिवस उपाशी असलेल्या पेशंटला एकदम पोटभर जेवण देणं. आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन जो बदलतो, त्याच कुळातले. त्यांच्यातलं द्रव सुकलेलं असतं नाहीतर गळलेलं असतं. एकदम दाब आला की ते फुटतात, कधी धूरही निघतो. म्हणून जाणकार माणसं आधी संशय आहे ते भाग तपासतात किंवा बदलतात, मग वीज थेंबथेंब वाढवत नेतात. आम्ही सलाइनचा वेग वाढवायचो तशी.

दुसरा शत्रू म्हणजे आतली बॅटरी. घड्याळ चालू राहावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक छोटा सेल असतो. जुना झाला की तो पाझरतो. निकेल-कॅडमियम सेलमधून अल्कली बाहेर येते आणि तांब्याच्या बारीक रेषा खात जाते. वर हिरवट-निळसर बुरशीसारखा थर दिसतो. त्यावर उपाय ऐकून हसाल: थोडं व्हिनेगर. अल्कलीला आम्लाने शमवायचं, मग शुद्ध पाण्याने पुसायचं आणि पूर्ण सुकवायचं. बाकीची सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने. इंजेक्शनआधी आम्ही कापसाने लावायचो त्या स्पिरिटचा हा जवळचा नातेवाईक, पण यंत्राला जास्त शुद्ध लागतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चालत नाही.

पांढरे-राखाडी कॉम्प्युटर पिवळे पडतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तो मळ नसतो. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची द्रव्यं मिसळलेली असतात, उजेडाने आणि उष्णतेने रंग बदलतो. हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात आणि तो पांढरा करतात. जखमेवर ओतलं की फेस यायचा, तेच औषध. म्युझियमवाले मात्र सहसा असं करायला नाखूश असतात, कारण प्लास्टिकचा वरचा थर त्यात दुखावतो आणि पुढे परत पिवळा होऊ शकतो. मला त्यांचं पटतं. सत्तर वर्षांच्या चेहऱ्याला सुरकुत्या शोभतात.

इथल्या हवेची एक खास अडचण आहे, ती थंड देशांच्या पुस्तकांत नीट सापडत नाही. ऑगस्टमध्ये एसीच्या घरातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं येतं, दोन मिनिटं काही दिसत नाही. तेच थंड कॉम्प्युटर बाहेर काढला की त्याच्या आत होतं, सर्किटवर पाण्याचे थेंब जमतात. म्हणून यंत्र नेताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, आणि नव्या जागी पोचलं तरी पिशवी लगेच सोडायची नाही. यंत्र खोलीच्या तापमानाला आलं की मग सोडायची. शिवाय इथली धूळ. शमाल वारा सुटला की पिठासारखी वाळू खिडकीच्या फटीतून आत येते आणि पंख्यांच्या वाटेने यंत्राच्या पोटात जाते. गोदामात ठेवू म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं यंत्र इथल्या एका उन्हाळ्यात म्हातारं होतं.

एक धोक्याची गोष्ट ठळक सांगते. जुन्या जाड मॉनिटरमध्ये, जुन्या टीव्हीत असते तशी, पिक्चर ट्यूब असते. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टची वीज साठून राहू शकते. नातवंडांना गंमत म्हणून ते उघडू देऊ नका.

यंत्र नीट झालं की पुढचा प्रश्न: चालवायचं की नुसतं ठेवायचं? यावर जाणकारांत खरोखर दोन तट आहेत. एक म्हणतो, चालतं यंत्र बघितल्याशिवाय पोरांना काय कळणार? आवाज, वास, वाट बघणं, हे काचेमागून कळत नाही. दुसरा म्हणतो, चालवायचं म्हणजे मूळ भाग काढून नवे घालायचे, आणि असं करता करता एक दिवस मूळचं काहीच राहत नाही. माझ्या मते अस्सल आणि एकुलतं एक यंत्र काचेमागे राहू दे. ज्या यंत्राच्या हजारो जोड्या निघाल्या त्यातलं एक चालवायला ठेवावं. आणि जिथे तेही नाही तिथे प्रतिकृती, किंवा आजच्या कॉम्प्युटरवर जुन्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. त्याला एम्युलेटर म्हणतात. पाहुण्यांना बोटं लावायला काहीतरी पाहिजेच.

मांडण्याबद्दल माझी एक तक्रार आहे, कोणा एका जागेबद्दल नाही. चिठ्ठीवर कंपनीचं नाव, वर्ष, वेग, एवढंच लिहिलेलं असतं, तेही मुंगीएवढ्या अक्षरात आणि गुडघ्याच्या उंचीवर. त्यातून माझ्यासारखीला काय कळणार? त्यावर काम कोण करत होतं ते लिहा. आमच्या काळी हॉस्पिटलात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची खोली आमच्या ऑपरेशन थिएटरपेक्षा थंड होती. चपला बाहेर काढायच्या, मशीनवर शिवून घेतलेला कापडी बुरखा. आणि केस पेपरची नोंद करणारी बाई आधी रजिस्टरमध्ये पेनाने लिहायची, मग कॉम्प्युटरमध्ये, कारण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ही गोष्ट चिठ्ठीवर असली तर बघणारा तिथे दोन मिनिटं थांबेल. आणि हो, दालनात दोन खुर्च्या ठेवा. ज्यांना ही यंत्रं वापरलेली आठवतात त्यांचे गुडघे आता दुखतात.

आणखी एक गोष्ट नर्स म्हणून सांगायलाच हवी. हॉस्पिटलचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर संग्रहाला द्यायचा असेल तर त्याच्या हार्ड डिस्कमध्ये पेशंटची नावं, आजार, पत्ते असू शकतात. यंत्र जुनं झालं म्हणून माणसाची गुपितं जुनी होत नाहीत. ती काढून किंवा सील करून मगच दालनात ठेवायला पाहिजे. देणाऱ्याने हे विचारायला लाजू नये.

आता कपाटाकडे. सिनेगॉगमध्ये फाटलेले सिद्दूर, जीर्ण सेफेर आपण कचऱ्यात टाकत नाही, गेनिझात ठेवतो, मग दफन करतो. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात अशी कागदांची रास शेकडो वर्षं साठली. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी तिच्यातला मोठा भाग केंब्रिज विद्यापीठात नेला. आज तिथे सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. त्यात नुसत्या प्रार्थना नाहीत. एडन आणि मलबार किनाऱ्यामधल्या यहुदी व्यापाऱ्यांची पत्रं आहेत, हिशेब आहेत. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू यांचा व्यवहार आपल्याला कळतो तो याच रद्दीतून. कागद फाटला तरी डोळ्यांनी वाचता येतो, म्हणून हे शक्य झालं. फ्लॉपी डोळ्यांनी वाचता येत नाही.

विद्यापीठाच्या जुन्या यंत्राचं खरं काम इथे सुरू होतं. १९८५ ते २००० च्या सुमारास आपल्या समाजात किती काही टाइप झालं! सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिका, घराण्यांच्या वंशावळी, कीर्तनांच्या वह्या, कबरस्तानातल्या नावांच्या याद्या. ते सगळं फ्लॉपीवर. आणि त्या वेळचं मराठी आजच्यासारखं नव्हतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्ये आली, पण आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर श्रीलिपीसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तर कॉम्प्युटरच्या पोटात बसवावं लागायचं, तेव्हा पडद्यावर मराठी दिसायचं. म्हणजे कागदाच्या जागी आपण कुलूप लावलेली पेटी ठेवली, आणि किल्ली म्हणजे ते जुनं यंत्र. ते भंगारात गेलं की पेटी आहे, आत काय आहे ते माहीत आहे, पण उघडत नाही.

आमच्याच घरी माझ्या यजमानांनी १९९६ च्या सुमारास टाइप केलेली, आमच्या आजोळच्या गावातून मुंबईला आलेल्या घराण्यांची यादी एका फ्लॉपीवर होती. मुलाने यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. फाइल उघडली, पण पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्टचं नाव लेबलवर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं म्हणून सुटलं. तो फॉन्ट शोधून, मग रूपांतर करणारा प्रोग्राम लावून बहुतेक नावं परत वाचता आली. काही जोडाक्षरं अजून तुटलेलीच आहेत, पेणकर आणि रोहेकर ओळखता येतात, काही नावांसाठी नणंदेला फोन करावा लागला. हे साडेतीन इंची फ्लॉपीचं झालं. त्याआधीच्या मोठ्या, वाकणाऱ्या सव्वापाच इंची फ्लॉपीला असा सोपा ड्राइव्ह दुकानात मिळत नाही. तिला जुनं, चालतं यंत्र आणि ते जाणणारा माणूसच लागतो.

तेव्हा तुमच्या घरी अशा फ्लॉपी, कॅसेट किंवा जुनं यंत्र असेल तर एवढं करा. फ्लॉपीवर पांढरे बुरशीचे ठिपके दिसले तर ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, फ्लॉपी आणि ड्राइव्ह दोन्ही जातील. लोहचुंबकापासून, स्पीकरपासून दूर, सुक्या थंड जागी उभी ठेवा. लेबल पुसट झालं असेल तर वेगळ्या कागदावर लिहा: काय आहे, कोणी टाइप केलं, कुठल्या वर्षी, कुठल्या प्रोग्राममध्ये, फॉन्ट कुठला. आठवेल तेवढंच लिहा, अंदाज असेल तर ‘अंदाजे’ असं लिहा. यंत्र द्यायचं असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला किंवा लायब्ररीला आधी पत्र लिहून विचारा. घेतात की नाही, घेतलं तर त्याचं काय करणार, लोकांना दाखवणार का, हे सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बरोबर मॅन्युअल, बिल, जुनी कव्हरं, जे असेल ते द्या. आणि पत्रासोबत फोटो पाठवाल तर यंत्राच्या मागच्या बाजूचाही पाठवा, मॉडेलचा नंबर बहुतेक वेळा तिथेच असतो.